आधी उजेड, मग फोटो

सकाळी साडेआठला पूर्वेच्या खिडकीशी बसून तांदूळ निवडणारी बाई, आणि रात्री साडेआठला त्याच जागी ट्यूबलाइटखाली तांदूळ निवडणारी तीच बाई. हे दोन फोटो शेजारी ठेवले तर दोन वेगळ्या घरांतले वाटतात. पहिल्यात ताटातला दाणा न् दाणा सुटा दिसतो, खडा वेचणाऱ्या बोटांच्या पेरांवरच्या रेघा दिसतात, एक गाल उजेडात आणि एक सावलीत असल्याने चेहऱ्याला गोलाई येते. दुसऱ्यात सगळे दिसते, पण उठून काहीच दिसत नाही. बाई तीच, ताट तेच, फोनही तोच; बदलला तो उजेड. म्हणून रोजच्या जगण्याचे फोटो काढणाऱ्याने आधी उजेड कुठे पडला आहे ते पाहावे. विषय त्याच्या मागोमाग येतो.

रोजचे जगणे म्हणजे ज्याची आमंत्रणपत्रिका निघत नाही ते. लग्न, मुंज, बारसे यांचे अल्बम घरोघरी असतात. त्याच घरातल्या एखाद्या मंगळवारच्या दुपारचा फोटो सहसा नसतो, असलाच तर जेवणाच्या ताटाचा. दळण आणणे, वेणी घालून घेणे, दुकानाचे शटर वर सारणे, एसटीची वाट पाहणे, गच्चीवर कुरडया घालणे अशा कामांना स्वतःचा थाट नसतो. समारंभात रोषणाई, ठेवणीतले कपडे आणि गर्दी मिळून निम्मा फोटो तयार करून देतात. रोजच्या कामांत तेवढा भार उजेडाने आणि बघणाऱ्याने उचलावा लागतो.

उजेड ओळखायचा तर चार गोष्टी पाहाव्या लागतात: तो कुठून येतो, कडक आहे की कोवळा, किती आहे आणि कोणत्या रंगाचा आहे. मराठी बोलीने यातले बरेच काही आधीच नोंदवून ठेवले आहे. छपरातल्या फटीतून जमिनीवर पडणारा कवडसा, ढगाच्या कडेने आलेली तिरीप, सकाळचे कोवळे ऊन, वैशाखातले रणरणते ऊन, कलती उन्हे, दिवेलागण हे शब्द फोटो काढणाऱ्याला नेमकी माहिती देतात. ‘तिरीप’ म्हटले की दिशा आणि कडकपणा दोन्ही कळतात. ‘दिवेलागण’ म्हटले की आकाशातला निळा उजेड आणि घरातला पिवळा उजेड एकाच वेळी हजर आहेत हे कळते.

सुरुवात दिशेपासून करावी, कारण ती बदलायला पैसे लागत नाहीत, चार पावले सरकले की झाले. फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागून येणारा उजेड समोरच्या वस्तूवर सपाट पडतो. रंग चांगले येतात, पण सावल्या वस्तूच्या मागे लपतात आणि खोली हरवते; माणूस असेल तर उन्हाने त्याचे डोळे बारीक होतात. ‘सूर्य पाठीशी घ्या’ हा सल्ला मंद फिल्मच्या काळातला आहे आणि तो आता खुशाल विसरावा. बाजूने येणारा उजेड पोत दाखवतो: भाकरीचा पापुद्रा, घोंगडीची वीण, सारवलेल्या अंगणातले हाताचे वळसे, म्हाताऱ्या माणसाचा चेहरा. मागून येणारा उजेड कडा उजळवतो आणि ज्यातून उजेड आरपार जातो अशा गोष्टी आतून पेटल्यासारख्या करतो: केळीचे पान, दोरीवर वाळत घातलेले नऊवारी लुगडे, लहान मुलाच्या कानाची पाळी.

मागून येणाऱ्या उजेडाचे सगळ्यात चांगले शिक्षण चहाच्या टपरीवर मिळते. सकाळी सातच्या सुमारास ऊन टपरीच्या पाठीमागून येत असेल, तर गिऱ्हाइकाच्या बाजूने पातेल्याकडे पाहावे. उकळत्या चहाची वाफ पांढरीशुभ्र, वळणे घेत वर जाताना दिसते. गाळण्यातून पडणारी चहाची धार काचेसारखी चमकते. आता टपरीला वळसा घालून पलीकडे जावे आणि सूर्याकडे पाठ करून तेच पातेले पाहावे. वाफ नाहीशी झालेली असते. वाफेत पाण्याचे अतिशय बारीक थेंब असतात आणि ते आपल्यावर पडलेला उजेड मुख्यतः पुढच्या दिशेने विखुरतात. त्यामुळे सूर्याकडे तोंड केलेल्याला वाफ दिसते, पाठ केलेल्याला दिसत नाही. मात्र वाफेच्या मागे काळोखी जागा हवी: सावलीतली भिंत, झाडाचा बुंधा, टपरीचा काजळी धरलेला पत्रा. मागे उजळ आकाश आले की पांढऱ्यावर पांढरे होते. हाच नियम चुलीच्या धुराला, उदबत्तीला, झाडू मारताना उडणाऱ्या धुळीला, सुपातून पाखडताना उडणाऱ्या फोलपटांना, पावसाच्या सरीला आणि कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात काहिलीवर दाटणाऱ्या वाफेलाही लागू पडतो. फ्लॅश इथे कामाचा नाही. तो कॅमेऱ्याच्या बाजूने येतो आणि वाफेला पुसून टाकतो.

उजेड कडक की कोवळा, हे तो देणारा दिवा वस्तूच्या मानाने केवढा दिसतो यावर ठरते. सूर्य प्रचंड असला तरी इतका लांब आहे की आकाशात तो जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतो. म्हणून त्याची सावली सुरीने कापल्यासारखी येते. ढग आले की सगळे आकाशच दिवा होते आणि सावल्या विरघळतात. खिडकीचेही तसेच आहे. खिडकीपासून दोन हातांवर बसलेल्या माणसाला ती मोठी आणि म्हणून कोवळी पडते. खोलीच्या टोकाला बसलेल्याला तीच खिडकी एक लहान चौकोन असते, उजेड कमी आणि सावली गडद. सावलीची बाजू फारच काळी होत असेल तर त्या बाजूला पांढरी चादर, वर्तमानपत्र किंवा चुन्याची भिंत असली तरी पुरते. जुन्या घरांतल्या चुना लावलेल्या भिंतींचा उजेड इतका देखणा का असतो याचे उत्तर हेच: एका खिडकीतून आलेला उजेड तिन्ही भिंती एकमेकींना देत राहतात.

दिवसाच्या उजेडाबद्दल पुस्तकांतून आणि व्हिडिओंतून मिळणारा पुष्कळसा सल्ला उत्तरेकडच्या देशांतला असतो आणि तो महाराष्ट्रात जसाच्या तसा चालत नाही. ‘गोल्डन अवर’ म्हणजे सूर्य क्षितिजालगत असतानाचा सोनेरी उजेडाचा तास, ही कल्पना त्यातलीच. पुण्या-मुंबईच्या अक्षांशावर सूर्य जवळजवळ सरळ वर चढतो. क्षितिजापासून सहा अंश वर यायला त्याला मार्च-सप्टेंबरात सुमारे २५ मिनिटे लागतात आणि डिसेंबरात २८. लंडनला त्याच दिवसांत हीच चढण अनुक्रमे सुमारे ४० आणि ५५ मिनिटांची असते. म्हणजे आपल्याकडचा सोनेरी तास प्रत्यक्षात अर्धा तासही नाही. सकाळचा फोटो हवा असेल तर सूर्योदयाच्या आधी जागेवर पोचलेले बरे. चहा नंतर प्यावा.

घड्याळाचीही एक गंमत आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ पूर्व रेखांशावर बेतलेली आहे आणि मुंबई ७३ अंशांच्या थोडी अलीकडे आहे. त्यामुळे मुंबईत सूर्य माथ्यावर येतो तो बारा वाजता नव्हे, तर सरासरी १२ वाजून ३९ मिनिटांनी. फेब्रुवारीत ते पाऊण वाजण्याच्याही पुढे जाते, नोव्हेंबरच्या सुरुवातीला साडेबाराच्या आत येते. नागपूर पूर्वेला असल्याने तिथे हेच सुमारे २५ मिनिटे आधी घडते. नागपूरच्या माणसाने सांगितलेली ‘पाच वाजताची उन्हे’ मुंबईकराला साडेपाचच्या आसपास शोधावी लागतात.

ऋतूप्रमाणे सूर्याची उंची किती बदलते हे लक्षात ठेवले तर पुष्कळ वाया गेलेल्या चकरा वाचतात. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्यात भर दुपारीही सूर्य सुमारे ४८ अंशांवरच असतो. दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत लांबवर येते आणि रस्त्यावरच्या माणसांच्या सावल्या दिवसभर अंगापिंडाच्या राहतात. मे महिन्याच्या मध्यावर तोच सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, आणि जुलैच्या शेवटी परतीच्या वाटेवर पुन्हा एकदा तसेच होते. ढगांमुळे हा दुसरा शून्य सावली दिवस बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही. मधल्या काळात सूर्य दुपारीही किंचित उत्तरेला झुकलेला असतो. चित्रकारांना प्रिय असलेला उत्तरेकडचा स्थिर उजेड त्यामुळे आपल्याकडे बारमाही मिळत नाही. उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतही ऊन शिरते.

मग एप्रिल-मेच्या दुपारी काय करावे? उघड्यावर उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या खोबणीत, नाकाखाली आणि हनुवटीखाली काळे डाग पडतात, म्हणून बहुतेक मार्गदर्शक ‘दुपारी फोटो काढू नयेत’ असे सांगून मोकळे होतात. हा सल्ला आळशी आहे. दुपार ही उंबरठ्याची वेळ आहे. ओसरी, पडवी, दुकानाची पायरी, पिंपळाचा पार, पुलाची कमान, जिन्याचे वळण अशा ठिकाणी माणूस सावलीत असतो, पण समोरचे तापलेले अंगण किंवा रस्ता आरशासारखा खालून उजेड फेकत असतो. तो उजेड मऊ, उबदार आणि थोडा खालून येणारा असतो, त्यामुळे डोळे उजळतात. माणसाला दाराच्या आत हातभर मागे सरकून बसू द्यावे आणि फोटो दारातून, पण उजेडाची वाट न अडवता घ्यावा. मागची खोली आपोआप काळोखात जाते आणि चेहरा वेगळा उठतो. दुपारचे थेट ऊनही टाकाऊ नसते. बाजारपेठेत छपरांच्या मधून पडणाऱ्या पट्ट्यांत ते फार नाट्यमय दिसते. अशी एखादी पट्टी हेरून तिच्यावर फोकस आणि उजेड ठरवून ठेवावा आणि कोणीतरी तिच्यात पाऊल ठेवेपर्यंत उभे राहावे.

पावसाळा हा मात्र या कामाचा खरा हंगाम आहे आणि नेमका त्याच महिन्यांत बहुतेक कॅमेरे कपाटात जातात. भरून आलेल्या आभाळाखाली रंग दाट होतात; ओला रस्ता, ओली काळी भिंत आणि छत्र्यांची कापडे आपापल्या रंगाला जागतात. रघुवीर सिंह (१९४२-१९९९) यांनी रंगीत छायाचित्रण गंभीर मानले जात नसलेल्या काळात आग्रहाने रंगीतच काम केले. त्यांचे ‘बॉम्बे : गेटवे ऑफ इंडिया’ हे पुस्तक १९९४चे. गजबजलेली चौकट, तिच्यातल्या काचा, आरसे आणि त्यांतली प्रतिबिंबे एकमेकांवर कशी रचावीत हे त्यांच्या कामात निवांत पाहण्यासारखे आहे. न्यूयॉर्कच्या सॉल लायटरने आपल्या राहत्या भागातच वर्षानुवर्षे वाफ धरलेल्या आणि पावसाने ओघळलेल्या काचांतून फोटो काढले. एसटीची ओली काच त्यासाठी तितकीच चांगली आहे. फोकस काचेवरच्या थेंबांवर ठेवावा की पलीकडच्या स्टँडवर, हे ठरवून दोन्ही घ्यावेत. पागोळ्या टिपायच्या असतील तर पुन्हा तोच नियम: उजेड मागून, पार्श्वभूमी काळोखी.

घरात शिरल्यावर पहिले काम म्हणजे ट्यूबलाइट बंद करणे. यजमानांना हे विचित्र वाटते, ‘अहो, अंधार होईल’ म्हणून ते आणखी एक दिवा लावतात, पण समजावून सांगितले की ऐकतात. खिडकीचा उजेड एका बाजूने आणि एका रंगाचा असतो. ट्यूब लागली की वरून दुसऱ्या रंगाचा उजेड मिसळतो आणि चेहऱ्यावर दोन रंगांचे पट्टे पडतात. पिवळ्या बल्बचा उजेड सुमारे २,७०० केल्विनचा, दुपारच्या उन्हाचा ५,५०० च्या आसपास, मोकळ्या सावलीतला ७,००० वा त्याहून अधिक निळसर. डोळा हा फरक झाकून टाकतो, कॅमेरा झाकत नाही. मंडईत हे ठळकपणे दिसते. निळ्या ताडपत्रीखाली बसलेल्या भाजीवाल्या मावशींचा चेहराही निळा येतो आणि लाल छत्रीखालचे टोमॅटो खऱ्यापेक्षा लाल दिसतात. गिऱ्हाइकाची नजर फसवण्यासाठी केलेली ही योजना फोटो काढणाऱ्यालाही फसवते. अशा वेळी चेहरा ताडपत्रीच्या कडेला, आकाशाच्या उजेडात येईपर्यंत थांबावे, किंवा तो रंग हाच विषय मानून फोटो घ्यावा. नंतर संगणकावर निळा चेहरा गव्हाळ करायला गेले की भाजी करपते.

समई, निरांजन किंवा उघड्या बल्बजवळ काम करताना अंतराचा नियम हाती धरावा. लहान दिव्यापासूनचे अंतर दुप्पट केले की उजेड चौथा हिस्सा उरतो. समईपासून हातभर अंतरावरची आजी उजळ दिसते आणि दोन हातांवरचा नातू जवळजवळ नाहीसा होतो. दोघे हवे असतील तर दोघांना दिव्यापासून सारख्या अंतरावर आणावे. एलईडी आणि ट्यूबच्या उजेडात आणखी एक अडचण येते. घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असल्याने असे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात आणि वेगवान शटरने फोटोत आडवे पट्टे उमटतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवले की पट्टे जातात.

उजेड किती आहे याचा अंदाज डोळ्यांवर सोडता येत नाही, कारण बुबुळ आणि मेंदू मिळून तफावत भरून काढतात. भर उन्हात साधारण १,००,००० लक्स उजेड असतो, ढगाळ दिवशी उघड्यावर १०,००० च्या आसपास, आणि रात्री ट्यूबच्या खोलीत १०० ते २००. अंगणातून स्वयंपाकघरात येणाऱ्या माणसाला हा शेकडो पटींचा फरक क्षणभर डोळ्यांपुढे अंधार येण्यापलीकडे जाणवत नाही. कॅमेऱ्याचा मीटर तर याहून भोळा आहे. समोर काहीही आले तरी ते मध्यम राखाडी आहे असे तो धरून चालतो. त्यामुळे पांढऱ्या धोतर-टोपीतल्या वारकऱ्यांची रांग त्याला फार उजळ वाटते आणि तो ती मळकट करतो. वाईच्या काळ्या दगडी घाटावर धुणे धुणारी माणसे त्याला फार काळोखी वाटतात आणि तो घाट राखेसारखा पांढुरका करतो. पांढऱ्या विषयाला एक्स्पोजर एक पायरी वाढवावे, काळ्याला एक पायरी कमी करावे, हे उलटे वाटले तरी बरोबर आहे. फोनवर पडद्याला बोट लावून दाबून धरले की फोकस आणि एक्स्पोजर तिथे स्थिर होतात, मग बोट वर-खाली सरकवून उजेड कमी-जास्त करता येतो. फोनवाल्यांपैकी फार थोडे जण हे वापरतात. ऊन-सावलीच्या दृश्यात बोट नेहमी उजळ भागावर ठेवावे. सावली काळी झाली तर चालते. पांढरा फटक झालेला गाल परत आणता येत नाही.

साधनांबद्दल थोडक्यातच सांगण्यासारखे आहे. फोन पुरेसा आहे. फक्त फोटो काढण्याआधी त्याची लेन्स सदऱ्याच्या टोकाने पुसावी, कारण धुक्यासारख्या पसरट फोटोंचे कारण बहुतेक वेळा बोटाचे तेलच असते. झूम न करता पुढे जावे. फोनची मुख्य लेन्स बरीच रुंद असते, जुन्या फिल्मच्या हिशोबाने २४ ते २८ मिलिमीटरची, म्हणून तोंडाजवळ नेली की नाक मोठे आणि कान लहान दिसतात. चेहऱ्यासाठी चार पावले मागेच राहावे. कॅमेरा असेल तर ३५ किंवा ५० मिलिमीटरची एकच लेन्स वर्षभर वापरावी. चालत्या माणसासाठी शटर १/१२५, भाकरी थापणाऱ्या हातांसाठी १/२५०, पाण्यात उड्या मारणाऱ्या पोरांसाठी १/५०० वा त्याहून वेगवान. हात हलता दिसणेच हवे असेल तर १/१५ आणि खांबाला टेकलेली पाठ.

उजेड सापडला की उरते ते बघणे, आणि त्याला वेळ लागतो. प्रागचे योसेफ सुदेक यांचा उजवा हात पहिल्या महायुद्धात गेला. अवजड कॅमेरे त्यांनी एका हाताने पेलले, आणि १९४० पासून पुढे अनेक वर्षे आपल्या स्टुडिओच्या एकाच खिडकीचे फोटो घेत राहिले: काचेवरचे दव, बर्फ, बाहेरचे वाकडे झाड, खिडकीत ठेवलेला पेला. नव्याने शिकणाऱ्यासाठी यापेक्षा चांगला अभ्यास नाही. घरातली एक खिडकी, गल्लीतला एक कोपरा किंवा एक टपरी निवडावी आणि महिनाभर वेगवेगळ्या वेळी तिथे जावे. पहिले तीन-चार दिवस काहीच दिसत नाही, दुधाच्या पिशव्यांचे क्रेट आणि स्कूटर तेवढ्या दिसतात. आठवड्याभरात कळते की पावणेआठला समोरच्या इमारतीच्या काचेवरून परावर्तित होऊन एक उजेडाचा तुकडा पायरीवर पडतो आणि दहा मिनिटांत सरकतो. आणि बरोबर त्याच वेळी शाळेची रिक्षा येते.

काम करणाऱ्या माणसाचा फोटो काढायचा तर आधी ते काम समजून घ्यावे. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याचे उदाहरण घ्यावे. तो आधी पाणी शिंपडतो, मग कॉलर, मग बाह्या, मग पाठ, शेवटी घडी. इस्त्री फिरवताना मान खाली असते, चेहरा दिसत नाही. पण शर्ट उलटताना तो त्याला दोन्ही हातांनी उचलून झटकतो. त्या क्षणी मान वर येते, कापड हवेत फुगते आणि मागून ऊन असेल तर उजळते. हे दर शर्टला एकदा घडते. ज्याने पाच शर्ट नुसते पाहिले त्याला सहाव्याचा फोटो मिळतो. आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्या १९५२च्या पुस्तकाच्या इंग्रजी आवृत्तीमुळे ‘निर्णायक क्षण’ हा शब्दप्रयोग जगभर पसरला आणि त्याचा अर्थ लोकांनी चपळाई असा घेतला. खरे तर असा क्षण बहुतेक वेळा आधी ठाऊक असतो. चौकट तयार असते, उजेड तयार असतो, फक्त एक पाऊल यायचे असते. भराभर बटण दाबून चाळीस फोटो घेणाऱ्याला तो क्षण पुष्कळदा दोन फोटोंच्या मध्ये सापडतो.

बटण दाबण्याआधी नजर चौकटीच्या चारही कडांवरून एकदा फिरवावी. डोक्यातून उगवलेला विजेचा खांब, कडेला अर्धी कापलेली बादली, मागे लटकणारी पांढरी प्लास्टिकची पिशवी या गोष्टी काढताना दिसत नाहीत, पाहताना मात्र त्यांच्याखेरीज दुसरे काही दिसत नाही. गुडघ्यावर बसले की मागचा रस्ता जाऊन आकाश येते. स्टुलावर उभे राहिले की आकाश जाऊन फरशी येते. जमिनीवर बसून काम करणाऱ्या माणसाचा फोटो उभ्याने काढू नये. त्यात फक्त टाळू दिसते, आणि वरून खाली पाहिल्याचा भावही येतो.

माणसांशी वागण्याची रीत हा या कामाचा निम्मा भाग आहे. ‘आजी, तुम्ही निवडत बसा, मी एखादा फोटो काढू का?’ असे विचारले की बहुधा ‘माझा कशाला? चांगली साडी तरी नेसू दे’ असे उत्तर येते. तिथे घाई न करता थोडे बोलावे, हातातल्या कामाबद्दल विचारावे. पाच मिनिटांत माणूस कॅमेरा विसरून कामाला लागतो. ‘नको’ म्हटले की विषय संपला. लहान मुलांच्या बाबतीत आई-वडिलांना विचारावे. घाटावर आंघोळ करणाऱ्या किंवा बाळाला पाजणाऱ्या बाईचा फोटो घेऊ नये. स्त्रीच्या खासगी क्षणांचे चोरून चित्रण भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा ठरते. फोटो काढला तर दाखवावा, आणि शक्य तर छापून नेऊन द्यावा. दुसऱ्या खेपेस त्या गल्लीत परवानगी मागावी लागत नाही.

असे परत परत जाण्याने काय हाती लागते हे मराठी मुलखातल्या दोघांच्या कामात दिसते. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जगणे वर्षानुवर्षे टिपले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. संदेश भंडारे यांच्या ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ या पुस्तकातून तमाशा कलावंतांचे जग समोर येते, तर ‘वारी : एक आनंदयात्रा’मधून पंढरीची वाट. एका फेरीत असे काम होत नाही. ओळख झाल्याशिवाय दार उघडत नाही, आणि दार उघडल्याशिवाय आतला उजेड दिसत नाही.

घरी आल्यावर निवड लगेच करू नये. काढतानाची धावपळ आठवत असते तोवर कष्टाने मिळालेला प्रत्येक फोटो चांगला वाटतो. आठवडाभराने तो नुसता फोटो म्हणून दिसतो. शंभरांतून पाच ठेवावेत. बाकीचे पुसण्याआधी एकदा त्यांच्यातला उजेड पाहावा: फसलेल्या फोटोंत सूर्य नेहमी त्याच चुकीच्या बाजूला आढळतो. फेरफार थोडाच करावा. सावल्या उजळवण्याची पट्टी ओढत नेली की सकाळची खिडकी पुन्हा ट्यूबलाइटची खोली होते. ठेवलेल्या फोटोला तारीख, वेळ, गाव आणि चालू असलेले काम एवढे लिहून ठेवावे, आणि मूळ फाइली फोनखेरीज आणखी दोन ठिकाणी उतरवाव्यात. छापलेल्या फोटोमागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहावे. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई अल्बममध्ये शेजारच्या फोटोवर उतरते.